डोंगराची बाजू

"वळणावर स्वयंसेवक अचानक मध्ये आल्याने सायकलस्वाराची धडक." तीन महिन्यांपूर्वी पेपरात ही ओळ आली. तो स्वयंसेवक म्हणजे माझे वडील, गोटीराम. बातमीदाराला ती ओळ दिली होती शर्यत भरवणाऱ्या क्लबच्या सचिवाने, स्वराजने. आई सायखेड्याला राहते. तिथे गिरणीत दळण ठेवायला गेली तरी कुणीतरी विचारतंच, "म्हातारा मधी कसा काय गेला, नवसाबाई?"

गेल्या आठवड्यात स्वराज गंगापूर रोडवर माझ्या घरी आला. शर्यत पुन्हा भरणार होती. पेठ रोडच्या घाटात, त्याच वळणावर वडिलांच्या नावाचा फलक लावायचा होता आणि तो उघडायला आई हवी होती.

"येईल," मी म्हटलं. "आधी ती ओळ मागे घ्या."

"ताई, मागे घेऊन काका परत येणार आहेत का?"

"नाही. म्हणून तुम्हाला स्वस्तात सोडते आहे."

तो हसला नाही. म्हणाला, "तुम्ही घाटात चला. मयूर उतरून दाखवेल. तुमचं तुम्हीच बघा, त्या वेगात कुणाला काही करता येतं का."

वडिलांना धडकला तो मयूरच. पगारावर सायकल चालवतो. त्या दिवशी त्याचं कॉलरबोन मोडलं होतं. घाटाकडे जाताना गाडीत तो पुढे बसला होता आणि एकदाही मागे वळला नाही. बोलत होता तो स्वराजच.

"सरळ उतारावर सत्तरचा वेग. ब्रेक मारायचा तो वळणाच्या आधी, आत शिरलं की सोडून द्यायचा. सगळा भार बाहेरच्या पायावर, अंग आत झुकवायचं आणि नजर वळण सुटतं तिथे. मोटारवाले मागे राहतात, ताई. आणि काकांना घाट आम्ही काय शिकवणार? तीस वर्षं एसटी चालवली त्यांनी इथे."

हे शेवटचं वाक्य तो शोकसभेतही बोलला होता. तेव्हा लोकांनी माना डोलावल्या होत्या.

वडिलांना घाट येत होता, हे खरं. मी लहान असताना बस तापून उभी राहिली की ते आम्हा सगळ्यांना खाली उतरवून दरडीच्या कडेला उभे करायचे. "डोंगराला धरून राहायचं. ब्रेक गेलेली गाडी कठड्याकडंच जाती." मी आजही कुठल्याही घाटात उतरले की आपोआप डोंगराकडे जाते.

त्या सकाळीही गेले. वरच्या बाजूला क्लबच्या पोरांनी वाहनं थांबवली, मयूर सायकल घेऊन चढावर गेला. स्वराज बोलता बोलता रस्ता ओलांडून गेला, कठडा चढला आणि पलीकडच्या सपाट जागेत जाऊन उभा राहिला. मी गटाराच्या काठाशी होते. वरून शिट्टी आली.

"ताई, तिथून हला!"

"का?"

"अहो, तो तिथूनच जाणार! आधी हला!"

मी गटार ओलांडून दरडीला पाठ लावली. आधी चाकांची सळसळ आली, मग मयूर. बाहेरच्या, कठड्याच्या बाजूने आला आणि एकदम आत कोसळल्यासारखा झुकला. चाक डांबरावरच होतं, पण त्याचा खांदा आणि डोकं गटारावरून गेलं. मी आधी जिथे उभी होते तिथून. तोंडावर वारा लागला, तोवर तो पलीकडच्या कडेला पोचलाही होता.

तो सायकल वळवून परत येईपर्यंत मी थांबले.

"मला हला म्हणालात," मी स्वराजला विचारलं. "त्यांना कोण म्हणालं?"

"काका इतकी वर्षं एसटीत..."

"एसटी झुकत नाही."

"ताई, आता तुम्ही शब्दात पकडताय."

"दादा, बस करा," मयूर म्हणाला. सकाळपासूनचं त्याचं पहिलं वाक्य. "मी ओरडलो होतो, 'बाजूला व्हा.' ते बाजूलाच झाले. डोंगराकडे. पाय गटारात गेला त्यांचा. मध्ये नाही आले."

"हे तीन महिने कुठे होतं?" मी विचारलं.

"दादा म्हणाले, संघात तुझी निवड होईपर्यंत गप्प राहा." त्याने खाली बघितलं. "राहिलो."

"माझ्याकडे बघून बोल."

त्याने बघितलं. मला त्याची दया आली नाही.

मी आईला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि कठड्याशी जाऊन स्वराजपुढे धरला.

"मावशी, स्वराज बोलतोय. काका मध्ये आले नव्हते. कुठं उभं राहायचं ते आम्ही त्यांना सांगितलं नव्हतं."

पलीकडे कुणीतरी भाजीचे कॅरेट उतरवत होतं. आईने त्याला थांबायला सांगितलं.

"मला कशाला सांगतो? मला ठावं हाय, तो माणूस डोंगर सोडत नसतो. ज्या पेपरवाल्याला सांगितलं व्हतं, त्याला सांग."

फोन बंद झाला.

"शर्यत होऊन जाऊ द्या, मग सांगतो," स्वराज म्हणाला.

"आत्ता. नाहीतर ही शर्यत कशी होते, तेच मी बघते. मयूरने सांगितलेलं मी ऐकलंय. आता इतरही ऐकतील."

"धमकी देताय?"

"हो."

त्याने मयूरकडे बघितलं. मयूर सायकलच्या हँडलला हात लावून उभा होता, मदतीला आला नाही. मग स्वराजने खिशातून फोन काढला आणि बातमीदाराचा नंबर लावला. वाहनं सोडली होती, म्हणून मी रस्ता ओलांडून डोंगराकडे गेले. एक ट्रक वळणावर आला, बाहेरून कठड्याला घासल्यासारखा गेला. स्वराज पलीकडे अंग चोरून उभा होता, फोन कानाला लावून. तो पहिल्या शब्दापासून काय बोलतो ते ऐकू यावं म्हणून मी दरडीपासून ओरडले, "मोठ्याने."