सात नंबरचा बोल्ट

बिसराम मिस्त्रीने बसवलेली ट्रॅक्टरच्या इंजिनच्या हेडची गॅसकेट आठव्या दिवशीच गेली, तेव्हा मी कॉलेजातून रजा काढून शेडमध्ये बसायचं ठरवलं. आमच्या ट्रॅक्टरवर धानाचं मळणीयंत्र चालतं आणि चौदा शेतकऱ्यांना तारखा दिलेल्या होत्या. यंदा हेड वाकलं तर ते नागपूरला पाठवावं लागणार, म्हणजे हंगाम गेला.

बिसराम म्हणत होता, रेडिएटरमध्ये पाणी नसताना ट्रॅक्टर चालवला. माझे पती ओमेश म्हणत होते, पाणी पूर्ण होतं. मी भौतिकशास्त्र शिकवते. मला एकच नोंद महत्त्वाची वाटली: बिसरामच्या साळ्याने यंदाच नवीन मळणीयंत्र आणलं होतं.

"मॅडम पेपर तपासाले आल्या वाटते," बिसराम म्हणाला.

"बरोबर लिवलं असशील तं कायले भेतोस?" ओमेश हसले.

मी ट्रॅक्टरची पुस्तिका उघडली. हेडचे दहा बोल्ट, मधून बाहेरच्या क्रमाने, तीन टप्प्यांत आवळायचे. आयटीआयमधून मी टॉर्क रेंच मागून आणला होता. ठरलेला जोर झाला की तो खटकन वाजतो. बोल्टच्या आट्यांना हलकं तेल लावावं, असंही लिहिलं होतं. बिसरामने प्रत्येक बोल्ट तेलाच्या फडक्यावरून नुसता फिरवला. मला ते कमी वाटलं, आणि मुद्दाम केलेलं वाटलं. धुतलेलं हेड उचलून आणायला दोघे बाहेर गेले, तेव्हा मी कुपीने खालच्या इंजिन-ब्लॉकच्या दहाही भोकांत तेल सोडलं.

हेड बसलं. पहिले दोन टप्पे झाले. तिसऱ्याआधी मी प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर खडूने रेघ मारली. सात नंबरवर रेंच लगेच वाजला. रेघ जागची हलली नाही.

"झाला," बिसराम म्हणाला.

"नाही झाला. आधीचे सहा चांगले अर्धा काटकोन फिरले. हा फिरलाच नाही."

"रेंच वाजला ना? तुमीच आणला. त्याच्यावर बी शक आहे का?"

"त्याच्यावर नाही. तुमच्यावर आहे."

ओमेश खाली बघू लागले. बिसरामने सात नंबर उलटा फिरवून काढला. बोल्ट तेलाने निथळत होता. भोकात तार घातली, तर तीही वरपर्यंत भिजून आली.

"हे भोक खालून बंद आहे, मॅडम. बोल्ट तेलावरच अडते, अन् रेंचले वाटते आवळलं. अजून जोर केला असता तं ब्लॉक तडकला असता." तो ओमेशकडे वळला. "इतकं तेल मी नाही टाकलं. तुमी टाकलं का जी?"

"मी कायले टाकू?"

दोघे एकमेकांकडे बघत राहिले. मी गप्प बसले असते, तर ते तसेच बघत राहिले असते.

"मी टाकलं," मी म्हणाले. "दहाही भोकांत."

बिसरामने पाना खाली ठेवला. "मंग दहाही खोला, बाकीच्यांचाबी भरोसा नाही. गॅसकेट एकदा दबली का ते गेली. दुसरी गोंदियालेच भेटन. तुमीच घेऊन या, मॅडम. मी आणली तं तिच्यातबी खोट दिसन तुमाले."

"मला ओळखता येणार नाही. तुम्ही सोबत चला."

तो हात पुसत बसला. उद्याची तारीख होती हिरालालभाऊंची. मी त्यांना फोन लावला.

"काऊन, बिसरामनं पुन्हा बिघडवलं का?" त्यांनी विचारलं. मागच्या आठवड्यात हे मीच त्यांना सांगितलं होतं.

"नाही," मी म्हणाले, बिसरामला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "आज माझ्या हातून बिघडलं."

बिसराम उठला आणि मोटरसायकलची किल्ली शोधू लागला.