टीव्हीसाठी घेतलेली जांभळी साडी

मित्रांनो, मी एक जुनी जांभळी साडी आहे. जुनी म्हणजे वयाने. अंगावर म्हणाल तर मी एकदाच चढले, तेही टीव्हीवर जाण्यासाठी. मला कुणी विणलं ते विचारू नका, मागावरचं मला काही आठवत नाही. मला आठवतं ते दुकानापासूनचं.

सूस गावात कोंडाजी आणि चंद्राबाई हे नवरा-बायको राहत. त्यांच्या वरच्या खोलीत किमया नावाची भाडेकरू मुलगी होती, हिंजवडीच्या कंपनीत कामाला. नवरा-बायकोच्या एका टीव्ही-खेळाचा फॉर्म तिनेच हौसेने भरला, आणि २००५ साली चक्क बोलावणं आलं. सोबत कपड्यांचं पत्र होतं. पांढरं नको. बारीक चौकडी नको. चमकणारी जर नको. हिरवं तर अजिबात नको.

चंद्राबाई मटकन खालीच बसली. तिच्या पेटीत चार साड्या होत्या आणि चारही हिरव्या. सवाष्णीनं हिरवं नेसावं, एवढंच तिला ठाऊक होतं.

"काकू, मागचा पडदा हिरवा असतो," किमया म्हणाली. "हिरवं नेसलात तर टीव्हीवर तुमचं नुसतं डोकं दिसेल."

"मग बरंच की गं! हात न्हाई दिसलं तर काम कोन सांगंल?" चंद्राबाई हसली. पण दुसऱ्याच दिवशी नवऱ्याला घेऊन पुण्याला आली.

दुकानदाराने तीस साड्या उलगडल्या. मला खांद्यावर टाकून ती आरशापुढे उभी राहिली. काठावरच्या पिवळ्या मोरांवरून तिने बोट फिरवलं. "अवं, कशी दिसतीया?" तिने विचारलं. कोंडाजी दाराशी चपलांपाशी बसले होते. रस्त्यावरच्या टेम्पोवरची नजर न काढता ते म्हणाले, "बरी हाय. घे."

माणूस वाईट नव्हता हो. त्यांच्याकडची रीतच तशी. चारचौघांत पुरुषाने दोन पावलं पुढे चालायचं, बायकोकडे वळून बघायचं नाही. चौतीस वर्षं ते पुढे आणि ती मागे.

खेळाच्या दिवशी ती मला नेसत होती. निऱ्या घालता घालता हळूच म्हणाली, "आज तरी ह्यांनी माज्याकडं बघावं एकदा." खोलीत दुसरं कुणी नव्हतं. म्हणजे ती मलाच म्हणाली. बक्षिसाचा फ्रिज तिला नको होता, मित्रांनो. तिला तेवढंच हवं होतं.

स्टुडिओत कोंडाजींना तिच्याकडे पाठ करून उभं केलं. पाच प्रश्न होते. तिचं माहेर कुठलं? ताम्हिणी. भावाचं नाव? नथू. चार उत्तरं धडाधड आली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाचवा प्रश्न आला, "काका, काकूंनी आज कोणत्या रंगाची साडी नेसली आहे?"

"हिरवी," कोंडाजी म्हणाले. क्षणभरही थांबले नाहीत.

सगळे पोट धरून हसले. चंद्राबाईही पदर तोंडाला लावून हसली. पण त्या पदराआड तिचं तोंड कसं होतं, ते मला एकटीलाच माहीत आहे.

परतीच्या गाडीत ते म्हणाले, "सवयीनं निघालं गं त्वांडातनं."

"व्हय. निघायचंच." ती खिडकीबाहेर बघत होती. तशीच म्हणाली, "टीव्हीवर लागंल तवा हीच नेसून बसनार हाय मी. तवा बघा." घरी आल्यावर तिने मला नीट घडी घालून पेटीत ठेवलं.

कार्यक्रम दाखवायला दोन महिने होते. त्याआधीच एका सकाळी गोठ्यात धार काढता काढता ती खाली कोसळली. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

जाऊबाई गंगूबाई पेटी उघडून मला बाहेर काढू लागल्या. "हौसेनं घेतली व्हती, हीच नेसवू." पण सवाष्ण हिरव्यातच जाते. नथू ताम्हिणीहून हिरवी साडी घेऊन आला होता. मला परत पेटीत ठेवलं. कोंडाजी दारात उभे होते. मला तेव्हा काही वाटलं नाही. अजूनही फारसं वाटत नाही. सगळं बधिर झाल्यासारखं आहे.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी किमया खाली आली. "काका, आज आपला कार्यक्रम आहे. नको ना लावू?"

"लाव," ते म्हणाले. मग उठून त्यांनी स्वतःच्या हाताने मला पेटीतून काढलं आणि खाटेवर, ती बसायची त्या जागी ठेवलं.

टीव्हीत ती हसत होती. टीव्हीत ते म्हणाले, "हिरवी." टीव्हीतली माणसं हसली. घरात कुणी हसलं नाही.

गंगूबाईंना राहवलं नाही. "भावजी, मनाला लावून घिऊ नगा. तुमचं खरंच झालं की. हिरव्यातच गेली बाई."

"न्हाई," कोंडाजी म्हणाले. पहिल्यांदाच ते मला नीट बघत होते. "जांभळी व्हती. काठाला पिवळं मोर हायेत. लई चांगली दिसत व्हती." एवढं बोलून ते लहान मुलासारखे रडले.

आता २०१० साल आहे. दर उन्हाळ्यात ते मला उन्हात ठेवतात आणि संध्याकाळी आत नेतात. मित्रांनो, रेशमी साडीची घडी अधूनमधून बदलावी लागते, नाहीतर ती घडीवर विरते. मी चार ठिकाणी विरले आहे. किमयाने खोली सोडून जाताना त्यांना ते समजावून सांगितलं होतं. पण ही घडी चंद्राबाईच्या हातची, म्हणून ते मला उलगडत नाहीत.

तुमच्या घरातल्या साड्यांच्या घड्या मात्र बदलत जा. त्या नेसू द्या, चुरगळू द्या. आणि कुणी "कशी दिसते?" असं विचारलं, तर आधी मान वळवून बघा, मग उत्तर द्या. चंद्राबाईने फक्त एकदाच विचारलं होतं.