प्रज्ञाच्या नावानं

"तुझंच नाव आहे, प्रज्ञा. मशीन खोटं बोलत नाही," हेमचंद्र सर पडद्यावर बोट ठेवून म्हणाले.

नगरमधल्या त्यांच्या छोट्या कंपनीत दूध संघासाठी प्रोग्रॅम लिहिले जात. सगळ्यांचं काम एकाच मोठ्या कॉम्प्युटरवर चाले. पासवर्ड मात्र ज्याचा त्याचा. सकाळी संघाचा प्रोग्रॅम पुसला गेला, आणि पुसणाऱ्याच्या जागी प्रज्ञाचं नाव उमटलं.

"सर, मी हात नाही लावला."

"उद्यापासून येऊ नकोस."

प्रज्ञानं कोपऱ्यावरच्या बूथवरून सोनईला, घराशेजारच्या दुकानात फोन लावला. तिची आई, विमलबाई, फोनवर धावत आल्या.

"तू क्येलं न्हाईस ना?"

"नाही, आई."

"मग रडती कशाला? जा, दाखीव त्यास्नी."

"कसं दाखवू?"

"त्ये मला काय कळतंय? तुला कळतंय म्हून तर तिथं गेलीस!"

डोळे पुसून प्रज्ञा परत येऊन बसली. आपला पासवर्ड टाकून आत गेली. फाईल उघडताना मशीन पुन्हा नाव विचारायचं. तिथं तिनं हेमचंद्र सरांचं नाव टाकलं. मशीननं पासवर्ड मागितलाच नाही. सरांची फाईल समोर उघडली.

"सर, इकडे या!"

ते आले आणि तडकले. "माझा पासवर्ड तुला कुणी दिला?"

"कुणीच नाही. तो लागतच नाही." तिनं फाईलमध्ये एक ओळ लिहिली. मशीननं नोंद केली: हेमचंद्र.

मग पलीकडच्या टेबलावरची विजया उठली. तिचा चेहरा उतरला होता.

"सर, सकाळी प्रज्ञाचा प्रोग्रॅम बघायला मी तिचं नाव टाकलं होतं. ते तसंच राहिलं. नंतर माझी जुनी फाईल समजून मी पुसली, ती हीच असणार. माझ्या आत्ता लक्षात आलं."

हेमचंद्र सर खुर्चीत टेकले. "ही व्यवस्था मीच लिहिली होती," ते हळूच म्हणाले. "तू दुरुस्त करशील?"

"करीन. पण आधी माझी माफी मागा. सगळ्यांसमोर."

सर उठून उभे राहिले आणि त्यांनी माफी मागितली.

प्रज्ञानं सगळी व्यवस्था नव्यानं बांधली. ती सुरू झाली त्या दिवशी सरांनी मुद्दाम प्रज्ञाचं नाव टाकून पाहिलं. 'परवानगी नाही,' पडद्यावर आलं. त्यांनी विजयाचं टाकलं, मग आणखी कुणाचं. परवानगी नाही. ते मोठ्यानं हसले. विजयानं टाळ्या वाजवल्या.

मग सर प्रज्ञाच्या टेबलाशी येऊन थांबले.

"मॅडम, संघाची फाईल बघायची होती. द्याल परवानगी?"

प्रज्ञानं त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. "बसा, सर," ती म्हणाली, आणि परवानगीच्या यादीत सावकाश, एकेक अक्षर, त्यांचं नाव टाईप करू लागली.