गमत्याच्या सासऱ्यांचा तक्ता

माझे जावई व्यावसायिक टेनिसपटू आहेत, आणि त्यांच्या रॅकेटची जाळी मी विणतो. तारांच्या कारखान्यात ताणमापन विभागात एकतीस वर्षे काढून मी निवृत्त झालो. त्यानंतर 'मामा, तुमच्याइतका तारेला ओळखणारा माणूस मला बाहेर कुठे मिळणार' असे म्हणून त्यांनी मला यंत्रासह या कामाला जुंपले. वाक्य गोड होते. त्याचा खरा उपयोग काय होणार आहे, हे मला पुढच्याच सामन्यात कळले.

त्या सामन्यात जावईबापूंनी एक सोपा चेंडू जाळ्यात मारला. मग रॅकेट कानाला लावून टेलिफोनवर बोलावे तसे ते मोठ्याने म्हणाले, "मामा, तारा ठीक आहेत ना?" क्षणभर ऐकल्यासारखे केले आणि प्रेक्षकांकडे वळून सांगितले, "तारा ठीक आहेत म्हणतात. मुलगी कशी आहे विचारतायत." चार हजार माणसे हसली. तेव्हापासून मी कोणत्याही मैदानावर गेलो, की द्वारपालसुद्धा विचारतो, "मामा, तारा ठीक आहेत ना?"

वर्तमानपत्रांनी त्यांचे नाव गमत्या ठेवले होते. ते लोकांना आवडत, आणि त्यात खोटे काही नव्हते. एकदा त्यांच्या सर्व्हिसचा चेंडू रेषेवरच्या पंचबाईंच्या खांद्याला लागला. त्यांनी बाईंना स्वतःच्या खुर्चीवर बसवले, पाणी दिले, त्यांच्या जागी स्वतः उभे राहिले आणि हात पसरून स्वतःच्याच सर्व्हिसला 'बाहेर' दिले. दुसऱ्या एका सामन्यात प्रतिस्पर्धी घसरून आडवा झाला, तर हे जाळे ओलांडून गेले आणि त्याच्या शेजारी पडून आकाश बघू लागले. त्या मुलाने पुढे त्यांना सरळ दोन सेटमध्ये हरवले, पण हरवताना तो इतका संकोचला होता, की शेवटी क्षमा मागूनच हस्तांदोलन केले. हरल्यावर ध्वनिवर्धकावर हे सांगत, "तुम्हाला जेवायला घरी वेळेवर पोचता यावं म्हणून मी आज जरा लवकर आवरलं." लोक उभे राहून टाळ्या वाजवत. जिंकलेला खेळाडू तोवर पिशवी आवरून बाहेर पडलेला असे.

दोष एवढाच होता, की हे भाषण करण्याची संधी त्यांना फार वेळा मिळत होती.

त्या वर्षी ते चौतीस वर्षांचे होते आणि क्रमवारीत एकशे नवव्या जागेवर होते. मोठ्या स्पर्धेत थेट प्रवेश पहिल्या एकशे चार जणांना मिळतो. सोमवारी यादी बंद होणार होती आणि तिच्याआधी एकच सामना उरला होता. तो जिंकला तर ते आत, हरले तर बाहेर. बाहेर राहिलो तर खेळणे थांबवायचे, असे त्यांनी माझ्या मुलीला सांगून टाकले होते. एका वाहिनीने नोकरी देऊ केली होती: इतरांचे सामने चालू असताना मध्ये मध्ये गमती सांगायच्या. पगार उत्तम होता.

"नोकरी वाईट नाही," मुलगी जेवताना म्हणाली.

"वाईट नाहीच," जावईबापू म्हणाले. "फक्त त्यांनी मला माझे हरलेले सामने बघून निवडलंय. एक तरी जिंकलेला बघितला असता तर निदान अपमान तरी झाला नसता."

आम्ही हसलो. त्यांनी मात्र घास तसाच ताटात ठेवला. त्यांना खेळायचे होते. इतके साधे होते ते. मला वाटले, हा प्रश्न भावनेचा नसून मापनाचा आहे, आणि मापन माझ्या हातात आहे.

मी त्यांच्या एकेचाळीस सामन्यांच्या चित्रफिती पाहिल्या. वहीत तीन रकाने आखले: विनोद, त्यानंतरचा गुण, निकाल. एकूण दोनशे बारा विनोद भरले. विनोदाच्या लगेच नंतरचे गुण त्यांनी शंभरात तेहतीस जिंकले होते, आणि इतर गुण शंभरात बावन्न. आलेखकागदावर दोन रेषा काढल्या, तर त्यांत एवढे अंतर पडले, की मध्ये माणूस झोपेल. तो कागद मी शुक्रवारी सकाळी चहाच्या वेळी टेबलावर पसरला.

"बाबा, तुम्ही माणसाचा आलेख काढलात?" मुलगी म्हणाली.

"विनोदांचा काढला आहे. माणूस त्यात आपोआप येतो."

जावईबापूंनी कागद उलटसुलट करून पाहिला. "हा सतराव्या सामन्यातला ठिपका कसला, मामा?"

"त्यात तुम्ही पंचांना लग्नाचे वय विचारले होते."

"आणि पुढचा गुण?"

"दुहेरी चूक."

त्यांनी त्या ठिपक्यावर बोट ठेवले. मग म्हणाले, "म्हणजे मी तोंड बंद ठेवलं तर शंभरात बावन्न."

"गणित तसे सांगते."

"तुम्ही आतापर्यंत मला चुकीची तार दिलेली नाही, मामा," ते म्हणाले आणि त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. दुपारी पत्रकारांसमोर त्यांनी जाहीर केले, की उद्या एकही विनोद होणार नाही, सासऱ्यांनी तक्ता काढून बंदी घातली आहे. हा त्यांचा शेवटचा विनोद समजून सगळे हसले.

जाळी विणण्याची खोली प्रेक्षकांच्या सज्जाखाली होती. भिंतीवर एक छोटा पडदा होता, त्याचा आवाज बिघडलेला. आवाजाची मला गरजही नसे. डोक्यावर सिमेंटची पायऱ्यांची उतरण होती आणि तिच्यावर माणसांचे पाय. जावईबापूंनी काही म्हटले, की ते पाय आपटत आणि छताची बारीक धूळ माझ्या यंत्रावर पडे. यंत्र पुसायला मी एक कापड मुद्दाम राखून ठेवले होते.

त्या शनिवारी कापड कोरडे आणि स्वच्छ राहिले. पडद्यावर जावईबापू शाळेच्या तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासारखे चालत होते. पहिल्याच गेममध्ये त्यांचा एक चेंडू जाळ्याच्या पट्टीवर नाचून त्यांच्याच बाजूला पडला. असा चेंडू म्हणजे त्यांच्यासाठी मेजवानी. एरवी ते त्याच्याशी दोन वाक्ये तरी बोलले असते. त्यांनी मान खाली घातली आणि ते सर्व्हिसच्या जागी गेले. मी वहीत 'उत्तम' लिहिले. पुढचा गुण गेला. त्याच्या पुढचाही. त्यांनी पहिला सेट सहा-दोन गमावला. माझे 'उत्तम' पाच वेळा लिहून झाले होते.

सेट संपताच मुलगी रॅकेट घेऊन खाली आली. मैदानालगतच्या रांगेत बसल्यामुळे ती कामगिरी नेहमी तिच्याकडे असे.

"एक किलो सैल हवी म्हणतोय."

"सैल कशाला? चोवीस किलो त्यांना बरोबर बसते."

"बाबा, तो घाबरलाय. काहीतरी बदलायला हवंय त्याला, म्हणून मागतोय."

मी जुन्या तारा कापल्या, रॅकेट यंत्राच्या पकडीत बसवली आणि पहिली तार ओढली. अठरा मिनिटांचे काम असते आणि त्यात बोलणे मला चालत नाही. मुलीला ते लहानपणापासून माहीत आहे, म्हणून ती नेमकी तेव्हाच बोलते.

"मला मागणी घालायला आला होता, तो दिवस आठवतो का तुम्हाला?"

"आठवतो. चाळीस मिनिटांत अकरा विनोद."

"मोजले होतेत?"

"एकही चांगला नव्हता."

"तुम्ही त्याच्याकडे तारेची जाडी मोजायच्या व्हर्नियरमधून बघावं तसं बघत होतात. त्याचे पाय टेबलाखाली थरथरत होते, बाबा. मी शेजारी बसले होते. तो घाबरला की बोलतो. बोलून झालं, की जरा श्वास घेतो. आज तुम्ही त्याला श्वासच घेऊ देत नाही आहात."

माझ्या हातातली तार तशीच राहिली. पन्नास वर्षांपूर्वी तंत्रनिकेतनात पहिल्या वर्षाला बाष्पकाचा, म्हणजे बॉयलरचा, तास होता. आमच्या शिक्षकांनी विचारले होते, सुरक्षा झडप शिट्टी वाजवू लागली तर काय कराल? मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, झडप घट्ट बंद करीन. शिक्षकांनी त्याला वर्गाबाहेर उभे केले होते, आणि आम्ही सगळे मनापासून हसलो होतो. झडप वाजते म्हणून दाब वाढत नाही. दाब वाढतो म्हणून ती वाजते. माझ्या वहीत दोनशे बारा शिट्ट्या अचूक नोंदलेल्या होत्या. दाबाचा रकाना मी आखलाच नव्हता. गुण हातचे जाऊ लागले, की जावईबापू बोलत. मी लिहून ठेवले होते, की ते बोलतात म्हणून गुण जातात.

"काय झालं?" मुलीने विचारले.

"तक्ता चुकला आहे."

 हे तिने कुणाला सांगितले असते, तर कुणाचा विश्वास बसला नसता.

पडद्यावर दुसरा सेट तीन-एक झाला होता, प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने. मी तार एका किलोने सैल केली नाही; चोवीसच ठेवली. शेवटची गाठ मारली आणि चिठ्ठी घेतली. विणलेल्या रॅकेटच्या गळ्याला आम्ही एक चिठ्ठी बांधतो. तिच्यावर रॅकेटचा क्रमांक, ताण आणि वेळ एवढेच लिहायचे असते. या तीन गोष्टींपलीकडे मी कधी पूर्णविरामसुद्धा जास्तीचा दिलेला नाही. त्या दिवशी वेळेच्या खाली थोडी कोरी जागा दिसली आणि तिच्याकडे बघत मी अर्धे मिनिट वाया घालवले. आयुष्यात मी विनोद केलेला नव्हता. कसा करतात, हे दोनशे बारा वेळा पाहिले मात्र होते.

"बाबा, एक-चार झाला. बाजू बदलतायत. द्या लवकर."

मी लिहिले आणि घडी घालून बांधले. मुलगी पळाली.

पडद्यावर जावईबापू खुर्चीवर बसले होते, डोक्यावर टॉवेल. रॅकेट हातात आल्यावर त्यांनी सवयीने ताण बघायला चिठ्ठी उघडली. टॉवेल खाली आला. त्यांनी चिठ्ठी दुसऱ्यांदा वाचली. त्यांचे खांदे हलू लागले, तेव्हा ते रडत आहेत असे वाटून मी पडद्याजवळ गेलो. उंच खुर्चीवरच्या पंचांनाही शंका आली असावी. त्यांनी हात पुढे करून चिठ्ठी मागितली. खेळाविषयी सूचना असती तर आक्षेप आला असता. पंचांनी ती वाचली, एका हाताने माइक झाकला, दुसऱ्या हाताने तोंड झाकले आणि काही वेळ तसेच बसून राहिले. मग चिठ्ठी परत देऊन मान हलवली: नियमबाह्य काही नाही.

जावईबापू उठले. प्रेक्षकांकडे तोंड करून त्यांनी ती मोठ्याने वाचली. ते शब्द मला ऐकू आले नाहीत, पण माहीत होते:

'फेरतपासणी केली. रॅकेटमध्ये दोष आढळला नाही. दोष मुठीच्या मागच्या बाजूस आहे. ती वस्तू आमच्या मुलीने पसंत केली असून बदलून मिळत नाही.'

आधी काहीच झाले नाही. मग छतावरून एवढी धूळ पडली, की मला यंत्र दोनदा पुसावे लागले.

त्यांनी दुसरा सेट सात-पाच घेतला आणि तिसरा सहा-चार. या काळात त्यांनी नऊ विनोद केले, त्यांपैकी सहांच्या नंतरचा गुण जिंकला. आकडा नोंदवून ठेवला आहे. त्यावरून निष्कर्ष काढलेला नाही.

ते खाली खोलीत आले तेव्हा घामाने निथळत होते. प्रवेश निश्चित झाल्याचे मुलीने आधीच सांगितले होते. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "जावईबापू, माझा तक्ता चुकीचा होता. पहिला सेट माझ्यामुळे गेला."

"नाही मामा, माझ्या बॅकहँडमुळे गेला," ते म्हणाले. "पण तुम्हाला घ्यायचाच असेल तर घ्या. एखादा तरी सेट दुसऱ्या कुणाच्या नावावर असावा." मग त्यांनी खिशातून तो आलेखकागद काढला. घामाने त्यातल्या दोन्ही रेषा एकमेकींत मिसळल्या होत्या. "मी आत हसत होतो, तेव्हा ताण बघायचा राहिला. तेवीसच ना?"

"चोवीस."

"मी तेवीस मागितली होती."

"तुम्हाला चोवीस बसते."

 ते माझ्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी पाय लांब केले.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मथळा होता: 'गमत्या अखेर गंभीर झाला आणि जिंकला'. खाली सासऱ्यांच्या शास्त्रीय तक्त्याबद्दल दोन परिच्छेद होते. बातमी बहुधा शुक्रवारीच लिहून तयार ठेवली असावी. दुपारपर्यंत तीन प्रशिक्षक माझ्या खोलीत येऊन गेले. एकाला आपल्या खेळाडूसाठी तक्त्याची प्रत हवी होती. तो खेळाडू सामन्यात एक अक्षर बोलत नाही, हे मला ठाऊक होते. तक्ता चुकीचा आहे, असे मी त्यांना दोनदा स्पष्ट सांगितले. ते माझ्या नम्रतेने भारावून गेले आणि प्रत घेऊनच गेले.

सोमवारी सकाळी पुढच्या फेरीसाठी चार रॅकेट टेबलावर होत्या. सोबत जावईबापूंच्या अक्षरात मागणी होती: 'चोवीस, चोवीस, साडेतेवीस, चोवीस. आणि मामा, मजकूर चारींवर वेगळा हवा.'

जाळ्या साडेनऊला विणून झाल्या. अकरा वाजता मी पहिली चिठ्ठी मुलीपुढे ठेवली. तिने ती शेवटपर्यंत वाचली, पुन्हा एकदा वाचली आणि माझ्याकडे पाहिले.

"अक्षर छान आलंय, बाबा," ती म्हणाली.

मी कात्री घेतली, दोरा कापला आणि कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा जवळ ओढला.