मुरमाच्या चढावर रिव्हर्स

नवनाथमामांना शेजारी बसवून गाडी चालवायची म्हणजे डोक्याला ताप. पेठ रोडला लागल्यापासून त्यांचं तोंड बंद नव्हतं. "क्लच सोड. हॉर्न दे. त्या बाईकवाल्याला जाऊ दे आधी." मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ. उभा जन्म याच रस्त्यावर जीप चालवली, त्यामुळे घाटात त्यांचं ऐकायचं हा आमच्या घरचा कायदा.

मागच्या सीटवर सासूबाई बसल्या होत्या. पेठच्या पुढे, डोंगरातल्या एका वाडीच्या शाळेवर मला शिक्षिकेची ऑर्डर मिळाली होती. परीक्षा देऊन देऊन थकले तेव्हा कुठे मिळालेली. पण वाडीला धड एसटी नाही, म्हणजे नाशिकहून रोज गाडीने जायचं-यायचं. आणि घरात दीड वर्षाची सृष्टी. सासूबाईंनी सरळ सांगून टाकलं होतं, "संजना, तू घाटातून नीट जातेस हे माझ्या डोळ्यांनी बघेन, मगच नातीला सांभाळायचं कबूल करेन. बिनआईचं लेकरू मला वाढवायचं नाही."

राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण बोलणं चुकीचंही नव्हतं. त्या नाही म्हणाल्या की नोकरीवर पाणी सोडायचं, एवढं मला ठाऊक होतं.

सावळघाट लागला. पहिल्याच मोठ्या वळणावर मामा म्हणाले, "आता दाब रेस. वळणात रेस दिली की गाडी आपसूक फिरती."

मोठ्या माणसाचा मान म्हणून दाबली. गाडीचं नाक वळायचं सोडून थेट पलीकडच्या कठड्याकडे निघालं. मी रेस सोडली, स्टिअरिंग होतं तसंच धरलं, तेव्हा कुठे चाकांनी रस्ता पकडला आणि गाडी आत आली. समोरून ट्रक येत नव्हता हे नशीब. आरशातून मागे सासूबाईंकडे बघायची मला हिंमतच झाली नाही.

"मामा," मी म्हटलं, "तुमच्या जीपला मागची चाकं ढकलायची. हिला पुढची चाकं ओढतात, आणि वळायचं कामही त्यांच्याच गळ्यात. दोन्ही एकदम सांगितलं की ती ऐकत नाहीत. आता वाडी येईपर्यंत मला शिकवू नका."

"बरं बाई," मामा म्हणाले, आणि दुसऱ्याच वळणाला पुन्हा सुरू झाले.

मी मात्र माझ्या पद्धतीने लागले. ब्रेक वळणाच्या आधी. मग गिअर उतरवायचा, गाडी वळवायची आणि पुढचा रस्ता दिसला की हळूच रेस. रविवार-रविवार आयुषला, म्हणजे नवऱ्याला, झोपेतून उठवून त्र्यंबकच्या बाजूला हेच तर घोकलं होतं. गाडी अशी गोड वळायला लागली की मला चक्क मजा वाटू लागली.

पेठ मागे पडलं. शेवटी शाळेचा चढ आला. सुटा मुरूम, उभी चढण आणि मध्ये एक वळण. अर्ध्यावर चाकं जागच्या जागी फिरायला लागली. खडे खालून ताडताड वाजले, क्लचचा जळका वास आला.

"मागं वजन पायजे," म्हणत मामा उतरून मागे जाऊन बसले. त्याने तर गाडी आणखीनच अडली. मी ब्रेकवर पाय ठेवून ती पायथ्याला परत आणली.

"आक्का, मी म्हटलं नव्हतं?" मामा बहिणीला म्हणाले. "ही गाडी हितं चढायची नाय."

वर शाळेच्या कडेला पोरं जमली होती, सोबत हेडमास्तर. माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली. पण रागातच डोकं चाललं. चढावर वजन मागे जातं, म्हणून पुढची चाकं हलकी पडतात. मग गाडीचं तोंडच उताराकडे केलं तर?

"मामा, पुढे या."

पायथ्याच्या मोकळ्या जागेत गाडी फिरवली, रिव्हर्स टाकला, बाजूच्या आरशांवर नजर ठेवली आणि चढायला लागले. सगळा भार इंजिनाच्या, म्हणजे पुढच्या, चाकांवर आला आणि ती मुरूम चावत निघाली. वळणावर जरा थबकली तेव्हा मी रेस वाढवली नाही, उलट कमी केली. तिने पुन्हा जमीन धरली. गाडी मागच्या अंगाने थेट शाळेच्या मैदानात शिरली. पोरांनी टाळ्यांचा नुसता कडकडाट केला.

हेडमास्तर पुढे आले. "मॅडम, रुजू होताय ना?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या पदर सावरत उतरल्या.

"सोमवारपासून येईल," त्यांनी सांगितलं. "नात माझ्याजवळ राहील."

मला रडूच फुटलं. "आई, बघितलंत ना मग?"

"कुठलं बघतेय. त्या कठड्यापासून डोळे गच्च मिटून बसले होते." त्यांनी भावाकडे बोट केलं. "पण ह्या वेळी चढताना हा गप्प होता. जन्मात कधी गाडीत गप्प बसला नाही. म्हटलं, सुनेला येतंय."