येते हं

घरातून निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही, ‘येते’ म्हणायचं, हे कल्याणीनं आपल्या मुलीला बोलू लागल्यापासून शिकवलं होतं. प्रतीक्षा सहा वर्षांची झाली तोवर ते तिच्या अंगवळणी पडलं. दुकानदाराला, शाळेतल्या बाईंना, एकदा तर ओट्यावर झोपलेल्या मांजरालाही तिनं मान डोलवून सांगितलं होतं, “येते हं.”

देवराईतही तेच घडलं.

कल्याणी कॉलेजात मराठी शिकवायची आणि सुटीच्या दिवशी डोंगरातले जुने शब्द गोळा करायची. पौषातल्या एका रविवारी ती प्रतीक्षाला घेऊन शिनोलीहून आहुप्याच्या अलीकडच्या एका वाडीवर गेली. तिथल्या लंकाबाईंना झाडापानांची अशी नावं ठाऊक होती, जी कुठल्या कोशात सापडत नव्हती. भर दुपारी त्यांनी दोघींना देवाच्या राईत नेलं. कल्याणीनं मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवलं होतं. काम आटोपलं तशा लंकाबाई एक शब्द न बोलता वळल्या आणि चालू लागल्या. मागून प्रतीक्षाचा आवाज आला, “येते हं, आजी.”

लंकाबाई जागीच थांबल्या. “कुनाला म्हनली गं ही?”

“तुम्हालाच म्हणाली असेल.”

“मी तर म्होरं हाय. ती मागं त्वांड करून बोलली.” त्यांचा चेहरा उतरला होता. “बाई, हितून निघताना कुनी बोलत न्हाई. बोललंच तर ‘जाते’ म्हनायचं. तुमच्यात ‘येते’ ही नुसती रीत. हितं त्यो शबूद दिल्यावानी व्हतो.”

कल्याणीला ही रीत फार आवडली. तिनं ती वहीत टिपून घेतली.

संध्याकाळी जानकाबाई, म्हणजे कल्याणीच्या सासूबाई, नातीकडून पंचशील म्हणून घेत होत्या. “मुसावादा वेरमणी,” हे खोटं न बोलण्याचं शील म्हणताना प्रतीक्षा अडखळली.

“मोठी आई, येते म्हटलं आणि गेलंच नाही, तर ते खोटं ना?”

“खोटंच की,” तांदूळ निवडता निवडता जानकाबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून पोरीचं जेवणात लक्ष लागेना. ताटावर बसायची आणि शेजारी थोडी जागा सोडायची. बुधवारी दुपारी जीपवाला अमृत तिला हाताला धरून घेऊन आला.

“वैनी, सांभाळा तुमची स्वारी. जीपमधी जाऊन बसली व्हती. म्हनलं, कुठं? तर आहुप्याला! आन शेजारी कुनाला बसूच देईना. म्हने, हितं आजी बसलीय.” तो हसायला गेला, पण ते हसू काही त्याला जमलं नाही.

कल्याणीनं आधी मुलीला धपाटा घातला, मग छातीशी धरलं. “कोण आजी?”

“राईतली. मी येईना म्हणून न्यायला आली.”

“कशी दिसते?”

“दिसत नाही गं. मी जय भीम घातला, तर ती नुसती ऐकते.”

“ह्या घरानं छप्पन साली देव पाण्यात सोडले,” जानकाबाई ठसक्यात म्हणाल्या. “आता राईला भ्यायचं व्हय?” मग नातीच्या उतरलेल्या गालांकडे पाहून त्यांचा आवाज खाली आला. “पन घेऊन जा तिला. उद्याच जा.”

कल्याणीनं मोबाइल काढून ते रेकॉर्डिंग लावलं. रातकिड्यांची किरकिर, पाचोळा तुडवल्याचा आवाज, मग “येते हं, आजी.” त्याच्यापुढे दुसरा आवाज नव्हता. फक्त किरकिर थांबली होती, एक शब्द बोलायला लागतो तेवढा वेळ. तिनं ते सात वेळा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी लंकाबाई राईच्या कडेलाच थांबल्या. “जिनं शबूद दिला तिनंच आधी ‘आले’ म्हनायचं, मंग ‘जाते’. तुमी म्हनून चालायचं न्हाई. आन ती ‘जाते’ म्हनल्याबिगर तिला भायेर आनू नगा. न्हाईतर निम्मी हितंच ऱ्हाईल.”

आत ऊन पोचत नव्हतं. प्रतीक्षा ओळखीच्या घरात शिरावं तशी एका जुन्या झाडापाशी गेली आणि हात जोडून म्हणाली, “आले, आजी.”

रातकिडे थांबले. ते पुन्हा सुरू झालेच नाहीत.

“आता ‘जाते’ म्हण, बाळा.”

प्रतीक्षानं मान हलवली. “जाते म्हणू नये. मेलेली माणसं जातात. तूच सांगितलंस.”

कल्याणीनं तिचा हात धरला. तो गार पडत चालला होता. ओढून न्यावं असं तिला वाटलं, पण ती खाली बसली आणि गृहपाठ घेताना बोलावं तसं बोलू लागली.

“आपण इथं पुन्हा येणार आहोत का?”

“नाही.”

“मग येते म्हटलं तर?”

“खोटं.”

“मग खरं काय?”

प्रतीक्षानं झाडाच्या बुंध्याकडे पाहिलं. “तिला वाईट वाटेल.”

“वाटेल. तरी खरं सांगायचं.”

प्रतीक्षानं पुन्हा हात जोडले. मग पोरगी हळू आवाजात म्हणाली, “जाते, आजी.”

बुंध्याशी पाचोळा दबलेला होता. कुणी बसलेलं उठावं तशी ती पानं एकेक करून वर आली. मायलेकी मागं न बघता बाहेर पडल्या.

त्या संध्याकाळी प्रतीक्षा दोन भाकरी जेवली. हळूहळू तिच्या गालांवर पुन्हा रंग आला. फक्त शाळेला निघताना ती उंबऱ्यावर म्हणू लागली, “जाते.” ते ऐकून जानकाबाईंच्या काळजात रोज चर्र व्हायचं. एका सकाळी कल्याणीनं तिचं दप्तर धरून ठेवलं. “येते म्हण ना गं.”

प्रतीक्षानं आधी दाराबाहेर पाहून घेतलं आणि मग आईच्या कानाला तोंड लावलं.

“नको. तूच ‘येते’ म्हणतेस ना सारखं? ती आजी आता तुझ्याकडे बघत असते.”

पोरगी उड्या मारत शाळेकडे गेली. कल्याणीची कॉलेजची वेळ झाली होती. आतून जानकाबाईंनी विचारलं, “निघालीस का गं?”

कल्याणीनं तोंड उघडलं, मिटलं, आणि चपला हातात घेऊन ती तशीच न बोलता बाहेर पडली.