कोणत्या उंचीवर

अब्बासचं पत्र वर्षभर माझ्या उशाजवळच्या पुस्तकात पडून होतं. हजला निघण्याआधी माणूस ओळखीपाळखीच्या सगळ्यांकडून बोलल्याचाल्याची माफी मागून घेतो, त्या रीतीचं पत्र. 'कळत नकळत दुखावले असेल तर अल्लाच्या वास्ते माफ करावे.' मजकूर कुणाकडून तरी लिहवून, कार्बन घालून काढलेला. माझ्या वाट्याला तळातली पुसट प्रत आली होती, वर 'बदरुद्दीनभाई' एवढं शाईनं भरलेलं. इथं आखातात, मुरगाबच्या वस्तीतून हवल्लीच्या वस्तीला, बसनं जाण्याइतक्या अंतरावर, ते पोस्टानं आलं.

मी उत्तर दिलं नाही. द्यायचं नाही असं ठरवलं होतं, असंही नाही. मला कुठलीच गोष्ट चटकन ठरवता येत नाही. त्यापायीच तर सगळं झालं.

पासष्ट साली मुरगाबच्या खोलीत आम्ही चौघं राहत होतो. खोली अब्बासच्या नावावर. तो लॉरी चालवायचा. त्याचा मावसभाऊ अशरफ फाळणीनंतर कराचीला गेला होता, म्हणून त्याचा पासपोर्ट पाकिस्तानी. गफूर एका कचेरीत शिपाई होता आणि खोलीतला स्वयंपाकही बघायचा. मी टायपिस्ट, विधुर, वयानं सगळ्यांत मोठा. जेवण गावच्या रीतीनं एकाच थाळ्यात, चौघं चार बाजूंना. गावाकडची पत्रं मी लिहायचो. अब्बासला अक्षरओळख नव्हती, आणि गफूर वाचायचा तो अक्षर लावून लावून, लिहायचा मुळीच नाही. माझी मुलगी फखरुन्निसा गावी होती. अब्बासच्या पुतण्याशी, नूरुद्दीनशी तिचं ठरून साखर वाटून झाली होती.

सप्टेंबरात लढाई लागली आणि खोलीत दोन रेडिओ बोलू लागले. अब्बास दिल्लीच्या बातम्या ऐकून पडलेल्या पाकिस्तानी सेबर विमानांसाठी खजुराच्या बिया मांडायचा. अशरफ कराचीच्या बातम्या ऐकून हिंदुस्तानच्या नॅट विमानांसाठी.

"दोघांकडं मिळून इतकी विमानं नसतील," गफूर म्हणाला. "माझा खजूर मात्र संपला."

पहिले दिवस हसण्यावारी गेले. मग एका जुम्म्याला, नमाजहून आल्यावर, अब्बासनं थाळ्याशेजारी जर्मनची एक ताटली ठेवली आणि पायानं दाराकडं सरकवली.

"सेबरवाले, तुझं तिकडं."

अशरफ म्हणाला, "भाईजान, आपल्या आया सख्ख्या बहिणी."

"म्हणून तर ताटली दिली. दुसऱ्याला भुईवर वाढलं असतं."

अशरफ दाराशी बसला. गफूरनं त्याला भात आणि बांगड्याचं कालवण वाढलं. अशरफ खाली मान घालून म्हणाला, "ताटलीत जेवेन. पण तुमचं नॅट खेळणं आहे. गोरे लोक त्याला माशी म्हणतात."

अब्बासचा हात थाळ्यातच थांबला. "मास्तर," तो मला म्हणाला, "तुमचं ते विमानांचं इंग्रजी मासिक वाचलंत ना? सांगा याला. भारी कोण, नॅट की सेबर?"

तिघं माझ्याकडं बघत होते. मला नुसतं 'नॅट' म्हणायचं होतं. आजही वाटतं, जीभ उचलून तेवढं म्हणायला काय हरकत होती. पण मासिक मी तीनदा वाचलं होतं, आणि माझ्या तोंडून निघालं, "कोणत्या उंचीवर?"

गफूर हसला. अब्बास हसला नाही.

"म्हणजे?"

"वर गेल्यावर नॅट. ते हलकं आहे, झपकन चढतं, लहान असल्यानं चटकन दिसत नाही. खाली जमिनीलगत सेबरला सोपं जातं. ते स्थिर राहतं, त्यात पेट्रोल जास्त मावतं. सेबरला सहा मशीनगन आहेत. नॅटच्या तोफा दोनच, पण गोळा मोठा. शेवटी आत बसलेल्या माणसावर..."

"अर्धी भाकरी इकडं, अर्धी तिकडं," अब्बास म्हणाला. "मास्तर, मी भारी कोण ते विचारलं. तुम्ही मला शाळेत बसवता?"

"मी मासिकात आहे ते सांगितलं."

"आणि उद्या माझ्या नूरुद्दीननं विचारलं, सासरेबुवा, तुम्ही कुणाकडचे? तर त्यालाही म्हणाल, कोणत्या उंचीवर?"

त्यानं हात धुतले. मग ट्रंकेवरचं माझं पॅड आणि दौत आणून माझ्यासमोर ठेवली.

"लिहा. माझ्या भावाला. बदरुद्दीन माणूस आपल्यातला राहिला नाही, त्याच्या घरची सोयरीक आपल्याला नको. साखर परत धाडा."

"अब्बास," अशरफ दाराशी म्हणाला, "मला हाकल, पण हे नको."

"तू जेव. भात निवतोय."

मी लिहिलं. मोठ्या आवाजापुढं माझा हात आपोआप चालतो. अब्बास सांगत गेला, मी उतरवत गेलो. एका जागी त्याचं वाक्य अडखळलं, ते मी नीट करून दिलं. शेवटी त्यानं अंगठा उठवला आणि म्हणाला, "अक्षर मोत्यासारखं. गावात सगळे ओळखतील."

ओळखलंच. पत्र मोहल्ल्यात दारोदार फिरलं. बापानंच आपल्या हातानं लेकीची सोयरीक मोडली, असं कसं, असं म्हणून बायका ते पुन्हापुन्हा वाचून घेत. त्यानंतर आमच्या दारी मागणी आली नाही. पुढल्या रजेत मी गावी गेलो तेव्हा फखरुन्निसा लोकांचे कपडे शिवत होती. तिनं मला वाढलं, आणि मशीनकडं परत जाताना विचारलं, "अब्बा, अक्षर तुमचंच होतं ना?"

"हो," मी म्हणालो.

तिनं पुढं काही विचारलं नाही. अजूनही विचारत नाही.

मुरगाबची खोली मी केव्हाच सोडली. गेल्या जुम्म्याला गफूर हवल्लीला माझ्याकडं आला. अब्बास आता हाजी अब्बास झालाय.

"एक ओळ लिवा, मास्तर," गफूर म्हणाला. "सगळ्यांची माफी आली, तुमचीच राहिली. भाई मक्केहून आले तरी त्यांच्या जिवाला खातंय. म्हणतात, मास्तरांची जागा थाळ्यावर ठेवलीय. आता घरात शादी आहे, तेवढं मिटवून टाका."

"कुणाची शादी?"

गफूरनं चहाचा पेला फिरवला. "नूरुद्दीन इथंच कामाला लागलाय ना. त्याची."

"कुणाशी?"

"अशरफच्या लेकीशी. कराचीहून आणलीय." मग घाईघाईनं म्हणाला, "घरातलंच नातं, मास्तर. भाई म्हणतात, लढाई सरकारांची. आपलं रक्त एकच."

"अशरफ थाळ्यावर बसतो?"

"भाईंच्या उजव्या हाताला."

"भाईंची पत्रं आता तूच वाचून दाखवतोस?"

"मीच. जेवायला बसले की. सगळ्यांना ऐकू जातं." तो खूश झाला. "लिवताय ना?"

"लिहितो," मी म्हणालो.

तो गेल्यावर मी बसलो. नेहमीसारखं दुसरं मत आलं नाही. आलं असेल, मी त्याला बसायला जागा दिली नाही.

'हाजी अब्बास यांस. तुम्ही विचारले होते, भारी कोण. वर नॅट, खाली सेबर. तेव्हाही हेच सांगितले होते, आजही हेच आहे. दुसरे तुम्ही मागितलेत ते माफ करणे. फखरुन्निसाचे नाव तुमच्या माफीच्या कागदात नव्हते, म्हणून मीच लिहितो. फखरुन्निसा बदरुद्दीन. माफ केले नाही. थाळ्यावरची माझी जागा मोकळीच ठेवा.'

कार्बन घातला नाही. गफूर कुठं अडखळू नये म्हणून एकेक अक्षर सुटं आणि टपोरं काढलं. संध्याकाळी पोस्टात जाऊन पाकीट पेटीत टाकलं.